चाखणं म्हणजे खाणं नव्हे

दुसऱ्या कार्डाचाही निकाल तोच आला, तेव्हा आक्काने सगळ्यांना बोलावून घेतलं. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, म्हणून दोनची वेळ. आणि जागा अर्थातच दुकानाच्या वरच्या मजल्यावरचं ते लांब टेबल. ह्या टेबलाशी घरातली तीन लग्नं ठरली होती, एक मोडलं होतं, आणि आबांचा मृतदेह जिन्यातून खाली नेता येईना तेव्हा तोही घटकाभर इथेच ठेवला होता.

दादा सगळ्यांच्या आधी येऊन बसला. आरोपीने वेळेवर यावं, असं त्याचं मत होतं. निदान खिडकीजवळची खुर्ची तरी मिळते.

आरोप मात्र चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. आक्का चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स होती आणि निवृत्त झाल्यापासून सगळ्या घरालाच वॉर्ड समजत होती. दादाला बासष्टावं लागलं त्या आठवड्यात ती त्याच्यासाठी तीन खिडक्यांचं एक पातळ कार्ड घेऊन आली. तीन दिवस रोज सकाळी संडासात लाकडी काडीने एकेका खिडकीत ज्याचा नमुना लावायचा, त्याला दादा नुसतं 'ते' एवढंच म्हणायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात असेल तर तपासणीत कळतं. ह्या भावंडांचे वडील, आबा, त्रेसष्टाव्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेले होते. त्याआधी वर्षभर सगळं घर त्यांच्या दुखण्याला गॅस म्हणत होतं आणि त्यांना सोडा पाजत होतं.

पहिल्या कार्डात रक्त निघालं. आक्काचा चेहरा उतरला. मग तिने विचारलं, की मागे छापलेली सूचना वाचली होतीस ना? दादाने वाचली होती. 'आधीचे तीन दिवस आणि नमुन्यांचे तीन दिवस लाल मांस वर्ज्य' असं तिथे लिहिलं होतं, पण तिसऱ्या पिढीच्या कसायाने अशी ओळ मनावर घ्यायची असते हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. रक्त माणसाचं की जनावराचं, हे त्या कार्डाला ओळखता येत नाही, हे कळल्यावर घर आठवडाभर हसत होतं. दादा तर गल्ल्यावर उभा राहून गिऱ्हाइकांना सांगायचा, "माझ्या रिपोर्टात बैल निघाला."

मग दुसरं कार्ड. ह्या वेळी दादाने सहा दिवस मांस सोडलं आणि सगळ्या गल्लीला कळेल अशा बेताने सोडलं. बायकोने त्याच्या जोडीने सोडलं. धाकट्या भावाने दिवसाउजेडी सोडलं. सहा दिवस भोपळा, डाळ आणि बटाटा; तिसऱ्या दिवशी भोपळ्याकडे बघून दादाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि तरीही कार्डात रक्त निघालंच. ह्या वेळी कुणी हसलं नाही. दादा सवयीने थोडं हसला आणि एकटाच हसतोय हे लक्षात आल्यावर गप्प बसला.

सरळ सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. चाळीस वर्षं त्याने जनावरांची आतडी हातांनी साफ केली होती. आपल्यालाही तसलंच एक आहे आणि त्यात काही बिघडू शकतं, हा विचार त्याला बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा सुचत होता.

धाकटा आला, बायको चहा घेऊन आली. धाकट्याची बायको माहेरी होती. ह्या घरात काही भानगड झाली की ती माहेरीच का असते, ह्याचा उलगडा आजवर कुणाला झाला नव्हता. सगळ्यांत शेवटी आक्का आली, आणि तिच्या मागून धाकट्याची मुलगी.

दादाने चहाचा कप खाली ठेवला. पुतणी दोन वर्षांत ह्या टेबलाशी बसली नव्हती. ती गुरांच्या संशोधन केंद्रात काम करते. गाईच्या नाकाशी नळी आणि पाठीवर डबा बांधायचा, आणि दिवसभरात ढेकरांतून किती गॅस सुटतो ते मोजायचं. दादाने तिचं नाव 'ढेकरवाली' ठेवलं होतं, आणि तिला ते आवडायचंही. पण दुकानाला पन्नास वर्षं झाली त्या जेवणात तिने भरल्या ताटांसमोर हिशेब मांडला: एका किलो मांसाला चारा किती, पाणी किती, कुरणांसाठी जंगल किती जातं, आणि ह्या ढेकरांनी हवा कशी तापते. दादा म्हणाला होता, तुझं शिक्षण ह्याच मांसावर झालं. ती ताट तसंच ठेवून उठली होती. पन्नास वर्षांत त्या टेबलावरून ताट तसंच ठेवून कुणी उठलं नव्हतं. दादाने तिला पुढे कधी फोन केला नाही, आणि ह्या गोष्टीची त्याला रोज लाज वाटायची.

"मी बोलावलंय तिला," आक्का म्हणाली. "मोजायचं कसं, हे ह्या घरात फक्त तिला कळतं."

मग चौकशी सुरू झाली. धाकट्याचं म्हणणं, चूक तपासणाऱ्यांची असणार. आणि काही झालं तरी ही गोष्ट ह्या चार भिंतींबाहेर जाता कामा नये. कसायाच्याच पोटात रक्त, हे ऐकल्यावर सॉसेज कोण घेईल? दादाची बायको नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली. तिने सहा दिवसांचा जेवणाचा पाढा न अडखळता म्हणून दाखवला, आणि मधल्या दिवशी ह्यांनी भोपळा दोनदा घेतला, असंही सांगितलं. दादाने मान खाली घातली. तो भोपळा त्याने मांजराला दिला होता, आणि मांजरानेही तो खाल्ला नव्हता.

आक्का सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "हे बघ, पुढची तपासणी आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालायची. त्याला तीन महिन्यांची रांग आहे. कार्ड खरं असेल तर मी आजच्या आज फोन करून तुला पुढे घालते. पण खोटं असेल, तर दुसऱ्या कुणाची तरी जागा अडवल्यासारखं होईल. म्हणून एकदा खरं काय ते सांग. काही खाल्लंस?"

"नाही."

"घराबाहेर?"

"नाही गं, आक्का. आबांची शपथ."

"मग सकाळी उठल्यापासून सांग. एकेक गोष्ट."

दादा उभा राहिला. बसून काम सांगणं त्याला कधीच जमलं नाही. पाचला उठलो, म्हणाला, शीतगृहाचं दार उघडलं, खांद्याचा तुकडा काढला, शिरा काढल्या, चरबी वेगळी केली. आणि सांगता सांगता त्याचे हात हवेत चालू लागले. सॉसेजसाठीचा खिमा यंत्रातून परातीत उतरला. मीठ पडलं, मिरी पडली, लसूण पडला. दादाने कोपरापर्यंत हात घातले आणि खालून वर, खालून वर कालवायला लागला. हे काम तो इतकं सुरेख करायचा की टेबलावर जणू खरीच परात आली. ढेकरवाली सुद्धा मन लावून बघत होती. लहानपणी ती स्टुलावर उभी राहून हेच बघायची.

"मग सगळं एकजीव झालं," दादा म्हणाला, "की मग..."

त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं एकत्र आली, हवेतल्या परातीतून चिमूट उचलली आणि तोंडात गेली. ओठ मिटले, जीभ आतल्या आत फिरली. दादाने डोळे अर्धवट मिटून मान हलवली. मीठ बरोबर होतं.

डोळे उघडले तेव्हा चौघेही त्याच्याकडे बघत होते. बोटं अजून ओठांवरच होती.

"आत्ता काय केलंस?" आक्काने विचारलं.

"कुठे काय?"

"तोंडात काय घातलंस?"

"ते होय? ते चाखलं."

"चाखलं?"

"अगं, चाखणं म्हणजे खाणं नव्हे," दादा म्हणाला.

आणि ह्यात तो खोटं बोलत नव्हता. त्याला हे अगदी मनापासून पटलेलं होतं. तो आबांचा कायदा होता. कामावर कुणी खाल्लं तर आबा मारायचे, आणि चाखलं नाही तरी मारायचे. चाखणं हे काम, खाणं ही चैन. दादाने चाळीस वर्षं रोज सकाळी कच्चा खिमा चाखला होता आणि आठ वाजता 'सकाळपासून पोटात काही नाही' म्हणून बायकोकडे नाश्ता मागितला होता. शपथ घेताना ती चिमूट त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. स्वतःचा श्वास जेवणात कोण धरतो?

"आबांना शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी गॅस म्हणून मांस बंद केलं होतं," आक्का सावकाश म्हणाली. "मी स्वतः बघायचे, जेवताना शिवायचे नाहीत."

"नाहीच शिवायचे."

"आणि खाली?"

दादाने खिडकीबाहेर पाहिलं. "खाली चाखायचे."

त्यानंतर सगळी फळीच बदलली. आतापर्यंत साक्षीदार असलेली बायको फिर्यादी झाली. "सहा दिवस," ती म्हणाली, "सहा दिवस मी भोपळा खाल्ला तुमच्यासाठी. आणि तुम्ही खाली रोज कच्चा खिमा खात होतात."

"चाखत," दादा म्हणाला, आणि न बोलता राहिलो असतो तर बरं झालं असतं, हे त्याला लगेच कळलं.

धाकट्याला वेगळंच दुखणं आठवलं. दहा वर्षं तो मागत होता, की एखादी परात मला चाखू दे. आणि दरवेळी दादाने सांगितलं होतं, की तुझ्या जिभेला कायमची सर्दी झालेली आहे. आता त्या जिभेने तो दहा वर्षांचं सगळं बोलून घेत होता. आक्काने कपाळाला हात लावला. "जित्याची खोड," ती म्हणाली, "मेल्या..." आणि ती म्हण तिने तिथेच सोडून दिली.

तेव्हा दादाच्या बाजूने बोलली ती एकटी ढेकरवाली. "त्यांना कळतच नव्हतं, आत्या," ती म्हणाली. "आणि मलाही कळलं नाही. माझ्या प्रबंधात ह्या घराचा आकडा आहे. आठवड्याला कोण किती मांस खातं, ते मी काकूला विचारून एकेक ताट मोजलं होतं. चाखणं मीही धरलं नाही. लहानपणापासून रोज डोळ्यांनी बघितलेलं, तरी धरलं नाही."

तिने दुपारचा उरलेला उकडलेला बटाटा आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा मागून घेतला. "काका, चिमूट घ्या. नेहमी घेता तेवढीच."

चिमूट नऊ ग्रॅम भरली. पराती दिवसाला सहा, आणि प्रत्येक दोनदा चाखायची, एकदा मिठासाठी, एकदा मिरीसाठी. दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर. वर्षाचे तीनशे दिवस धरले, अशी चाळीस वर्षं. पुतणीने कागदावर आकडे मांडले आणि विचारलं, एका जनावराचं मांस किती निघतं?

"दोनशे चाळीस किलो," दादा म्हणाला. धंद्याचा प्रश्न आला की त्याला उत्तर दिल्यावाचून राहवत नसे. "जनावर चांगलं असलं तर."

"मग जेवणाखेरीज, नुसतं चाखून, तुम्ही जवळजवळ साडेपाच जनावरं खाल्लीत."

दादाने ती साडेपाच जनावरं आपल्या जिन्यातून एकामागून एक वर येताना पाहिली. अर्धं कसं येईल, हे मात्र त्याला कळेना.

"त्यांच्या ढेकरांचा हिशेब करू नकोस हं," तो म्हणाला.

"तो झाला," पुतणी म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याकडे बघून हसली, आणि दादाला एकदम रडू येईलसं वाटलं.

तिसरं कार्ड करायचं ठरलं. पण ह्या वेळी सहा दिवस दादाने परातीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, असं आक्काने बजावलं. दादा म्हणाला, मग दुकानाला कुलूपच लावा. आबांचं मिश्रण कुठे लिहिलेलं नाही. मीठ हाताला येईल तेवढं आणि जीभ म्हणेल तेवढं. न चाखलेला माल विकला तर पन्नास वर्षांचं नाव मातीत जाईल.

"हाताला येईल तेवढं म्हणजे किती?" ढेकरवालीने विचारलं.

"ते काय सांगता येतं?"

चौघांना घेऊन ती खाली दुकानात आली. तिने वजनकाट्यावर रिकामं भांडं ठेवलं, मिठाचा डबा पुढे केला आणि दादाला डोळे मिटून एका परातीचं मीठ टाकायला सांगितलं. दोनशे बारा ग्रॅम. भांडं रिकामं करून पुन्हा. दोनशे अकरा. पुन्हा. दोनशे बारा.

दादाने वाकून काट्याचा आकडा पुन्हा वाचला. चाळीस वर्षं हात बरोबर होता. जीभ रोज नुसती सही करायला येत होती, त्या एका सहीचं तिने इतकं प्रस्थ माजवलं होतं, आणि साडेपाच जनावरं मेहनताना म्हणून घेतली होती. धाकटा हसायला लागला. पण भावाचा चेहरा बघून थांबला आणि मिठाचा डबा उचलून जागेवर ठेवला.

ते सहा दिवस धाकट्याने काट्यावर मोजून खिमा कालवला. दादा सकाळी घरात राहिला तर जिना उतरणारच, म्हणून पुतणी त्याला रोज पाचला गाडीत घालून आपल्या केंद्रावर नेऊ लागली. जनावर बाहेरून बघायची वेळ दादावर फारशी आली नव्हती. गाई रवंथ करत उभ्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर डबा, नाकाशी नळी. एकीने त्याच्या तोंडावरच मोठा ढेकर दिला.

"हिचीही पोटाची तपासणी चाललीय म्हणायची," दादा म्हणाला.

चौथ्या दिवशी कुंपणाला टेकून त्याने तिला विचारलं, "खरं सांग. आपलं काम वाईट आहे का?"

"काम खूप वाढलंय, काका," ती म्हणाली. "आबांच्या वेळी आठवड्याला दोन जनावरं लागायची, आता नऊ. वाईट आहे का, ते मला माहीत नाही. पण फार झालंय. जमिनीला आणि हवेला, आणि तुमच्या पोटालाही." दादाने मान हलवली. दोन वर्षांपूर्वी तिने हेच सांगितलं होतं. तेव्हा ते त्याच्या पोटापर्यंत आलं नव्हतं, इतकाच फरक.

सॉसेजबद्दल एकही तक्रार आली नाही. उलट एक निवृत्त शिक्षिका, जी दर गुरुवारी अर्धा किलो न्यायची आणि गेल्या वीस वर्षांत चांगलं म्हणून बोललेली नव्हती, ती दादाला रस्त्यात थांबवून म्हणाली, ह्या खेपेला छान झालंय, काही बदललंत का?

"हो," दादा म्हणाला, "मला."

तिसऱ्या कार्डाचा निकाल घेऊन आक्का आली ती दुकानाच्या पुढच्या दाराने, सकाळी अकराला, गिऱ्हाइकांची गर्दी असताना. ती कधीच त्या दाराने येत नसे. दादाच्या हातातली सुरी तिथेच थांबली. आक्काने शेवटचं गिऱ्हाईक जाऊ दिलं, मग दारावरची पाटी उलटी केली. गल्ल्यावर बायको बसली होती, ती आपोआप उठून उभी राहिली. धाकटा आतून हात पुसत आला.

"ह्या वेळी बैल नाही," आक्का म्हणाली. "रक्त तुझं आहे."

दादाने सुरी पुसली आणि तिच्या जागी लावली. काहीतरी बोलणं भाग होतं. आयुष्यभर ह्या घरात वाईट बातमीनंतरचं पहिलं वाक्य त्यानेच बोललेलं होतं.

"माल घरचाच निघाला म्हणायचा," तो म्हणाला.

तो तिथल्या स्टुलावर बसला. लहानपणी ढेकरवाली ज्यावर उभी राहायची तेच ते स्टूल. बायको येऊन त्याच्या मागे उभी राहिली आणि तिने दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. भोपळ्यापासून ती त्याच्याशी धड बोललेली नव्हती. आताही बोलली नाही, पण हातही काढले नाहीत.

आक्का भराभर सांगत होती, नर्सच्या आवाजात. गुरुवारी कॅमेरा. नुसती छोटी गाठ असली तर त्याच नळीतून खुडून काढतात. काहीच नाही असंही होतं. आणि काही असलंच, तरी आपण लवकर बघतोय. मग तिचा तो आवाज संपला आणि ती साध्या बहिणीच्या आवाजात म्हणाली, "मला भीती वाटतेय रे."

"मलाही," दादा म्हणाला. आपण हे मोठ्याने बोललो, ह्याचं त्याला नवल वाटलं.

तिने पिशवीतून दवाखान्याचा फॉर्म काढून काउंटरवर ठेवला. वय, वजन, घरात कुणाला हा आजार होता का. तिथे दादाने 'वडील' असं लिहिलं. पुढची ओळ वाचून तो थांबला. 'लाल मांस खाता का? असल्यास, किती?'

"खरं लिही," आक्का म्हणाली. "खरं लिहिलंस तरच त्यांना उपयोग."

दादाने पेन घट्ट धरलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'हो. ताटातलं बायकोला विचारा. त्याखेरीज साडेपाच जनावरं, चाखून.'

धाकट्याने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, खोड ते. दवाखान्यातली माणसं हसतील.

"हसू देत," आक्का म्हणाली. तिने फॉर्म दुमडून पिशवीत ठेवला. "आबांना हे कुणी विचारलंच नव्हतं."